सुखरूप उतरलेली विमानं: आंरी देरिकूर प्रकरण

१६ जून १९४३ च्या रात्री इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या टँगमिअर तळावरून दोन लायसँडर विमानं उडाली. इंग्लिश खाडी ओलांडून ती जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये शिरली आणि आँझे शहराच्या उत्तरेला एका कुरणात पाठोपाठ उतरली. चार माणसं खाली उतरली, परतीचे प्रवासी चढले, आणि उजाडायच्या आत दोन्ही विमानं इंग्लंडला पोहोचली. वाटेत कुणी अडवलं नाही, कुरणावर कुणी गोळी झाडली नाही. हवाई दलाच्या नोंदवहीत यापेक्षा चांगला शेरा मिळणं कठीण.

उतरलेल्या त्या चौघांपैकी एकही माणूस जिवंत परतला नाही.

कुरणात दिवे लावून त्यांची वाट पाहणारा माणूस होता आंरी देरिकूर. वय ३३, पेशाने वैमानिक, टोपणनाव 'जिल्बेर'. ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेसाठी फ्रान्समध्ये विमानं उतरवून घेण्याचं काम त्याच्याकडे होतं. पॅरिसमधल्या जर्मन सुरक्षा सेवेच्या, म्हणजे एसडीच्या दप्तरी त्याचा क्रमांक होता बीओई ४८. कार्ल बोमेलबुर्ग या अधिकाऱ्याचा अठ्ठेचाळीसावा खबऱ्या.

देरिकूर गद्दार होता की नव्हता, यावर आजवर भरपूर लिहून झालं आहे. मला त्याहून जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. त्याच्याबद्दल शंका घेणारी माणसं पहिल्यापासून होती, मग वर्षभर त्याला कुणी हात का लावला नाही? माझ्या मते उत्तर त्याच्या स्वभावात शोधायचं कारण नाही. ते लंडनच्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. तिथे यश विमानांवरून मोजलं जात होतं, आणि त्याची विमानं एकजात सुखरूप परत येत होती.

कुरणातली तीन मिनिटं

आधी हे काम चालायचं कसं ते नीट पाहिलं पाहिजे, नाहीतर दिवे धरणाऱ्या माणसाच्या हातात किती सत्ता होती ते लक्षात येत नाही.

लायसँडर हे मुळात सैन्याच्या टेहळणीसाठी बनवलेलं विमान. १९४० मध्ये फ्रान्सच्या लढाईत जर्मन लढाऊ विमानांपुढे त्याचा निभाव लागला नाही आणि त्या कामातून ते बाद झालं. पण त्याचा एक गुण कामी आला: ओबडधोबड शेतातही ते थोडक्या जागेत उतरू आणि उडू शकत होतं. मग त्याच्या बंदुका काढल्या, मागच्या तोफचीची जागा प्रवाशांना दिली, पोटाखाली दीडशे गॅलनची जादा टाकी बसवली, डाव्या अंगाला कायमची शिडी ठोकली आणि काळा रंग फासला. दोन प्रवासी बऱ्यापैकी बसत, तीन दाटीवाटीने. वैमानिकाच्या सोबतीला कुणी नसे. मांडीवर घडी घातलेला नकाशा, खाली चांदण्यात चमकणारी लुआर नदी, रेल्वेचे रूळ, जंगलाच्या कडा, एवढ्यावर तो वाट काढायचा. म्हणून ही उड्डाणं साधारण शुद्ध अष्टमीपासून वद्य अष्टमीपर्यंतच्या पंधरवड्यातच होत. ढग आले की तेही नाही.

हे काम करणारी १६१ क्रमांकाची स्क्वॉड्रन फेब्रुवारी १९४२ मध्ये उभी राहिली. तिचं बिऱ्हाड बेडफर्डशायरमधल्या टेम्प्सफर्डला. पण चांदण्या पंधरवड्यात लायसँडरची तुकडी टँगमिअरला येऊन राही, कारण तिथून फ्रान्स जवळ. तळाच्या फाटकासमोर एक जुनं घर होतं. वैमानिक आणि निघणारे प्रवासी तिथेच जेवत, तिथेच थांबत. वैमानिकांना प्रवाशांची खरी नावं सांगत नसत. १९४२ च्या अखेरीपासून वर्षभर ही तुकडी ह्यू व्हेरिटीच्या हाताखाली होती.

जमिनीवरची पद्धत अशी. हातात धरायच्या तीन साध्या बॅटऱ्या काठ्यांना बांधून शेतात रोवायच्या. पहिली विमान टेकायच्या जागी, दुसरी वाऱ्याच्या दिशेने दीडशे मीटर पुढे, तिसरी दुसरीच्या उजवीकडे पन्नास मीटरवर. वरून पाहिलं की रोमन लिपीतला एल उलटा टाकल्यासारखा दिसे. विमानाचा आवाज आला की खालच्या माणसाने मोर्समध्ये ठरलेलं अक्षर दाखवायचं, वैमानिकाने उलट खूण द्यायची. अक्षर चुकलं तर उतरायचं नाही. हा नियम कागदावर सुचलेला नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये बेल्जियममधल्या नफशातोजवळ खूण बरोबर नसतानाही ॲलन मर्फी उतरला. खाली जर्मन दबा धरून बसले होते. मानेत गोळी घेऊन, चाळणी झालेलं विमान त्याने परत आणलं. जखम बांधायला त्याच्यापाशी बायकोचा रेशमी मोजा होता, तो त्याने शकुनाचा म्हणून जवळ बाळगलेला.

अक्षर जुळलं की विमान पहिल्या दिव्यापाशी टेके, दुसऱ्या-तिसऱ्या दिव्यांमधून वळे आणि धावत पहिल्या दिव्यापाशी परत येई. इंजिन बंद करायचं नाही. आलेल्यांपैकी एकाने आत थांबून आपलं सामान खाली द्यायचं, जाणाऱ्यांचं वर घ्यायचं आणि मग उतरायचं. जाणारे चढले की झाकण लावून उड्डाण. सारं काही तीन-चार मिनिटांत. गडबड व्हायची ती बहुतेक वेळा चिखलाने. नोव्हेंबर १९४३ मध्ये रॉबिन हूपरचं विमान निऑरजवळ चिखलात असं रुतलं की तो महिनाभर फ्रान्समध्ये लपून राहिला. फेब्रुवारी १९४४ मध्ये तर एक मोठं हडसन विमान ज्युरा भागात चाकापर्यंत रुतलं आणि गावकऱ्यांनी बैल-घोडे जुंपून, खणून ते बाहेर काढलं. त्यात फ्रेंच प्रतिकार चळवळीतलं जोडपं, रेमों ओब्राक आणि दिवस भरत आलेली ल्युसी ओब्राक, हे दोघं होते. लंडनला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना मुलगी झाली.

म्हणजे शेत निवडणार कोण, दिवे लावणार कोण, येणाऱ्यांना रात्री कुठे झोपवायचं, सकाळी सायकलवर कुठल्या स्टेशनात सोडायचं, जाणाऱ्यांना पॅरिसहून कधी बोलवायचं, हे सगळं एका माणसाच्या हातात. आणि त्याच माणसाच्या हातात टपाल.

'जिल्बेर'

देरिकूर उत्तर फ्रान्समधल्या एन जिल्ह्यातला, १९०९ चा जन्म. घरची परिस्थिती साधी. विमानं उडवायला शिकला, टपाल विमानांवर आणि कसरतींच्या खेळांत काम केलं, युद्धाच्या सुरुवातीला चाचणी वैमानिक होता. १९४२ च्या उन्हाळ्यात पळवाटेच्या एका गुप्त साखळीमार्फत तो जिब्राल्टरला आणि तिथून इंग्लंडला पोहोचला. ब्रिटनच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने, एमआय५ ने, त्याची चौकशी केली आणि फ्रान्समध्ये असताना त्याचा जर्मनांशी संबंध आलेला असल्यामुळे त्याची हमी देता येत नाही, असं मत नोंदवलं. एसओईच्या फ्रेंच विभागाला मात्र नेमका असाच माणूस हवा होता. तोपर्यंत बहुतेक माणसं पॅराशूटने जात होती आणि परतीची सोय जवळजवळ नव्हतीच. स्वतः वैमानिक, फ्रेंच, शेत पाहून ते उतरण्याजोगं आहे की नाही ते सांगू शकणारा, असा माणूस दारात येऊन उभा राहिला होता.

जानेवारी १९४३ मध्ये त्याला पॅराशूटने उतरवलं. पॅरिसमध्ये तो स्वतःच्या खऱ्या नावाने, आपल्या बायकोसोबत उघडपणे राहायला लागला. मार्चमध्ये प्वातियेजवळ त्याने पहिली दोन लायसँडर विमानं उतरवून घेतली. मग दर चांदण्या पंधरवड्याला त्याची कामगिरी वाढत गेली. शेतं त्याने चांगली निवडली, दिवे वेळेवर लागत, प्रवासी वेळेवर हजर असत. वैमानिकांना तो आवडायचा. आपल्यातलाच एक वाटायचा. व्हेरिटीचाही त्याच्यावर विश्वास होता, आणि त्यात नवल नाही. परक्या रानात, एकट्याने, तुमचा जीव ज्याच्या तीन दिव्यांवर टांगलेला असतो तो प्रत्येक वेळी दिवे बरोबर लावतो, तर तुम्ही त्याच्याबद्दल दुसरं काय मत करून घ्याल?

वर्षभरात त्याच्या शेतांवरून शंभराच्या आसपास माणसांची ने-आण झाली.

जर्मनांशी त्याचं नक्की केव्हा जुळलं, यावर त्याने पुढे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. युद्धानंतरच्या त्याच्या जबाबाचा सारांश असा की ओळखीच्या जर्मन वैमानिकांमार्फत एसडीची माणसं त्याच्यापर्यंत पोहोचली, आपण लंडनहून आलोय हे त्यांना ठाऊक होतं, आणि जीव व काम वाचवायला आपण त्यांना जुजबी माहिती दिली. जुजबी म्हणजे किती, हाच वादाचा मुद्दा. बोमेलबुर्गला हवं होतं ते मात्र उघड आहे. दोस्तांची फौज फ्रान्सच्या किनाऱ्यावर कधी आणि कुठे उतरणार, ही त्या काळातली सगळ्यात मोलाची बातमी होती. ती कधीतरी याच वाटेने जाईल, अशी त्याची अटकळ होती. वाट चालू राहायला हवी असेल तर विमानं पाडून चालणार नाही, शेतावर छापा घालून चालणार नाही. लायसँडरना पूर्ण अभय.

तेव्हा लंडनला जो कार्यक्षमतेचा पुरावा वाटत होता, त्यातला काही भाग तरी शत्रूची मेहेरबानी होती.

टपाल

वायरलेसवरून लांबलचक मजकूर पाठवणं म्हणजे मरण ओढवून घेणं. जर्मनांच्या शोधगाड्या पॅरिसभर फिरत असत. म्हणून अहवाल, पत्ते, पैशांच्या मागण्या, नकाशे आणि घरच्यांना लिहिलेली पत्रं असं सगळं कागदावर उतरून पुढच्या लायसँडरने जायचं. ही पाकिटं देरिकूरकडे जमा होत. त्याच्याकडून ती एसडीच्या हाती पडत, तिथे फोटो काढले जात आणि मूळ कागद जसेच्या तसे परत येऊन विमानात चढत. लंडनला टपाल पोहोचत असे. कुणाला काही कमी दिसलं नाही, कारण कमी काही नव्हतंच.

या फोटोंचा उपयोग कसा झाला ते पाहायचं तर अव्हेन्यू फॉशवरच्या ८४ क्रमांकाच्या इमारतीत जावं लागतं. पॅरिसच्या सगळ्यात रुबाबदार रस्त्यांपैकी एक, आणि तिथे एसडीचं प्रतिहेरगिरीचं कार्यालय. हान्स कीफर त्याचा प्रमुख.

२३ आणि २४ जून १९४३ या दोन दिवसांत एसओईचं पॅरिसमधलं सगळ्यात मोठं गुप्त जाळं, 'प्रॉस्पर', कोसळलं. त्याचा प्रमुख फ्रान्सिस सटल, त्याची सहकारी आंद्रे बोरेल आणि वायरलेस चालवणारा गिल्बर्ट नॉर्मन पकडले गेले. (नॉर्मनचं नाव आणि देरिकूरचं टोपणनाव फ्रेंच उच्चारात एकच, त्यामुळे पुढे चौकश्यांमध्ये कुठला 'जिल्बेर' यावरून भलता गोंधळ झाला.) पकडलेल्यांच्या पुढ्यात जर्मनांनी कागद मांडले: त्यांनीच लिहिलेल्या अहवालांच्या, पत्रांच्या प्रती. आठवड्यांपूर्वी पॅरिसमध्ये बसून आपल्या हाताने लिहिलेलं, पाकिटात घालून दिलेलं, आणि लंडनला पोहोचलं म्हणून निरोपही आलेला असा कागद जेव्हा चौकशी अधिकारी तुमच्यासमोर सरकवतो, तेव्हा तुम्ही काय समजाल? पाकीट पोहोचल्याचं तुम्हाला माहीत आहे. म्हणजे ते वाटेत हरवलेलं नाही. मग एकच गोष्ट उरते, लंडनच्या कचेरीतच कुणीतरी फितूर आहे. नेमकं हेच कैद्यांच्या मनात भरवलं जायचं. सगळं आम्हाला ठाऊक आहे, आता गप्प राहून कुणाला वाचवताय?

मारहाणीपुढे न बोलणारी माणसंही या कागदांपुढे खचली. कैद्यांच्या पुढच्या वागण्याबद्दल बोलताना हे विसरता कामा नये.

इथे एक खबरदारी. 'प्रॉस्पर' देरिकूरने एकट्याने बुडवलं, असं सर्रास म्हटलं जातं. ते मला पटत नाही. ते जाळं फार फोफावलं होतं, त्यातली माणसं एकमेकांना नको इतकी भेटत होती. २१ जूनला सोलोन्य भागात दोन कॅनडियन अधिकारी तपासणीत सापडले आणि त्यांच्या गाडीत वायरलेस संच व पुढे पोहोचवायची पाकिटं मिळाली. पुढच्या अटकांना तेवढं कारण पुरेसं होतं. देरिकूरच्या टपालाने जाळं तुटलं की नाही हे सांगणं अवघड आहे. तुटल्यावर पकडलेल्यांची तोंडं उघडायला त्याचा उपयोग झाला, हे मात्र नक्की.

लंडनला काय ठाऊक होतं

सगळं नाही, पण बरंच.

एमआय५ चा मूळ शेरा होताच. जून १९४३ मध्येच फ्रेंच विभागाच्या कागदांवर निकोलस बोडिंग्टन या अधिकाऱ्याच्या हातची एक टीप पडली आहे. देरिकूर जर्मनांच्या संपर्कात आहे हे आपल्याला माहीत आहे, कसा आणि का तेही माहीत आहे, अशा अर्थाची. बोडिंग्टन विभागप्रमुख मॉरिस बकमास्टरचा जवळचा सहकारी. युद्धाआधी तो पॅरिसमध्ये पत्रकार होता आणि देरिकूरला तेव्हापासून ओळखत होता. त्याने ही टीप कुणासाठी लिहिली, तिच्यावर पुढे काय झालं, याचा पत्ता लागत नाही. तोच बोडिंग्टन जुलैमध्ये 'प्रॉस्पर'चं काय झालं ते पाहायला फ्रान्सला गेला. उतरवून घेणारा अर्थात देरिकूर. सोबत जॅक ॲगझेरियन हा वायरलेसवाला होता. आपण वर पाहिलेल्या जूनच्या लायसँडरने तो आणि त्याची बायको नुकतेच इंग्लंडला परतले होते, आणि महिनाभरात त्याला पुन्हा पाठवलं. नॉर्मनच्या नावाने संदेश अजून येत होते, म्हणून दिलेल्या पत्त्यावर जाऊन पाहायचं ठरलं. कोण जाणार यासाठी दोघांनी नाणं उडवलं म्हणतात. ॲगझेरियन गेला आणि पकडला गेला. मार्च १९४५ मध्ये फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं. बोडिंग्टन ऑगस्टमध्ये सुखरूप परत आला, देरिकूरच्याच व्यवस्थेने, आणि त्याच्याविषयी चांगलं बोलला.

त्यानंतर आंरी फ्राझेने तक्रार केली. हा 'डाँकीमन' जाळ्याचा प्रमुख, सरळ आणि थोडा भाबडा माणूस. जर्मन लष्करी हेरखात्याचा ह्युगो ब्लायखर खोट्या नावाने त्याला भेटला होता, आणि बोलता बोलता 'जिल्बेर' हा एसडीचा माणूस असल्याचं त्याने सांगून टाकलं. दोन जर्मन खात्यांमधली चुरस. १९४३ च्या शरदात फ्राझेने स्वतः लंडनला येऊन हे सांगितलं. पण त्याचा स्वतःचा उजवा हात, रोजे बार्दे, ब्लायखरला विकला गेलेला होता. अशा माणसाच्या तोंडची तक्रार म्हणजे दोन गटांतलं भांडण, असंच लंडनला वाटलं असणार. त्यात पुन्हा तक्रारीच्या समोर ठेवायला देरिकूरकडे एक भरभक्कम गोष्ट होती: शून्य नुकसान.

हा आकडा खरा होता. वर उल्लेखलेला मर्फीचा प्रसंग, हूपरचा चिखल, आणि १६ डिसेंबर १९४३ ची ती भयंकर रात्र, जेव्हा फ्रान्समधून परतलेली विमानं दक्षिण इंग्लंडवरच्या दाट धुक्यात अडकली आणि मॅकब्राइड व हँकी हे दोन वैमानिक स्वतःच्या तळांजवळ कोसळून मेले. हँकीचे दोन प्रवासीही गेले. या पार्श्वभूमीवर ज्याच्या शेतावर कधी काही बिघडत नाही तो माणूस सोन्यासारखाच वाटणार. हवाई दलाच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. विमान आणि वैमानिक परत आणणं, हेच त्यांचं काम. उतरलेल्या माणसाचं तिसऱ्या आठवड्यात काय झालं, हा त्यांच्या वहीतला रकाना नव्हता. तो रकाना बकमास्टरच्या कचेरीत असायला हवा होता: कुठल्या शेतावर, कुठल्या तारखेला, कुणाच्या हाती उतरलेली माणसं किती दिवस टिकली? ही यादी कुणी मांडल्याचं दिसत नाही. कागद होते, ते शेजारी शेजारी ठेवायचे राहिले.

नोव्हेंबर

१५ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री आँझेजवळच लुईस हॉजेसने हडसन विमान उतरवलं. हडसन दोन इंजिनांचं, लायसँडरपेक्षा कितीतरी मोठं. दहाएक माणसं नेणारं. परतीच्या प्रवाशांत फ्रांस्वा मितेराँ नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण होता, पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झालेला. त्याला कुणी हात लावला नाही. जाणाऱ्यांना कधीच लावत नसत.

उतरलेल्यांची गोष्ट वेगळी. एसडीची माणसं शेतावर नजर ठेवून होती. त्यांनी तिथे काही केलं नाही, फक्त पॅरिसच्या गाडीत मागोमाग बसली. माँपार्नास स्टेशनवर तिघं पकडले गेले. त्यातल्या आंद्रे मोझनेला ज्युरामधल्या जाळ्यात जायचं होतं आणि त्याच्या खिशात एक पत्र होतं. तिथला वायरलेसवाला जॉन यंग याच्या बायकोने इंग्लंडहून नवऱ्याला लिहिलेलं.

१८ तारखेला क्लेरव्हो गावाजवळच्या लाकडाच्या गिरणीवर मोझनेच्या नावाने एक माणूस आला. त्याने यंगला ते पत्र दिलं. अक्षर बायकोचं, मजकूर तिचा, शंका घ्यायला जागा नाही. नव्या माणसाची ओळख पटवायला याहून चांगला पुरावा कुठला असणार? यंगसोबत तिथे जाळ्याची निरोप नेणारी होती डायना राउडन. त्याच संध्याकाळी जर्मन शिपायांनी घर घेरलं आणि दोघांना नेलं. पत्र घेऊन आलेला माणूस त्यांचाच होता.

राउडन जून महिन्यात आँझेच्या त्याच टापूत लायसँडरमधून उतरली होती. देरिकूरनेच तिला उतरवून घेतलं होतं. ६ जुलै १९४४ ला नात्सवायलरच्या छावणीत तिला मारलं; त्याच दिवशी, त्याच ठिकाणी आंद्रे बोरेललाही.

उरलेले तिघं

जूनच्या रात्रीच्या बाकीच्यांचं काय झालं तेही पाहायला हवं, आणि इथे न्याय करायचा तर देरिकूरच्या बाजूनेही बोलावं लागतं.

सिसिली लफोर दक्षिणेत ऱ्होन खोऱ्यात गेली. सप्टेंबर १९४३ मध्ये माँतेलिमारला एका घरावर छापा पडला, त्यात सापडली. राव्हन्सब्रुकच्या छावणीत १९४५ च्या सुरुवातीला तिचा अंत झाला. चार्ल्स स्केपर मार्सेयला पोहोचला, मार्च १९४४ पर्यंत टिकला, मग पकडला गेला. या दोन अटकांचा धागा आँझेच्या कुरणापर्यंत जोडणारं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

चौथी नूर इनायत खान. आपल्याकडे तिचं नाव अनेकांना माहीत आहे: बडोद्याच्या गायकवाडांच्या आश्रयाला असलेले गवई मौलाबक्ष यांची ती पणती, सूफी संगीतकार हजरत इनायत खान यांची मुलगी, मॉस्कोत जन्मलेली आणि पॅरिसजवळ वाढलेली. एसओईने फ्रान्समध्ये पाठवलेली पहिली स्त्री वायरलेस चालक. ती उतरल्यावर आठवड्यातच 'प्रॉस्पर' कोसळलं. परत यायची सोय असताना ती थांबली आणि पुढचे साडेतीन महिने पॅरिसमध्ये जागा बदलत संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये पैशांसाठी कुणीतरी तिचा पत्ता विकला, त्या व्यवहाराशी देरिकूरचा संबंध नव्हता. पण अव्हेन्यू फॉशला नेल्यावर तिच्याही पुढ्यात पत्रांच्या प्रती होत्याच, अगदी घरी लिहिलेल्यासुद्धा. तिने जर्मनांना काही सांगितलं नाही, हे खुद्द कीफरने युद्धानंतर कबूल केलं. १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाऊमध्ये तिला गोळी घातली. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

खटला

फेब्रुवारी १९४४ मध्ये देरिकूरला लंडनला परत बोलावलं. तो आला, बायकोलाही घेऊन आला, आणि तेही लायसँडरनेच. फितूर असतो तर आलो असतो का, हा त्याचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद. चौकशीत ठोस काही सिद्ध झालं नाही. मात्र त्याला पुन्हा फ्रान्सला पाठवलं नाही. १९४६ मध्ये विमानातून सोनं-प्लॅटिनम चोरून नेताना तो क्रॉयडनला पकडला गेला आणि दंडावर सुटला. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रेंच पोलिसांनी त्याला अटक केली.

खटला १९४८ मध्ये पॅरिसच्या लष्करी न्यायालयात उभा राहिला. तोवर बोमेलबुर्गचा ठावठिकाणा नव्हता. कीफरने एसओईच्या फ्रेंच विभागातल्या व्हेरा ॲटकिन्सला जबाब दिला होता, पण पकडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या हत्येबद्दल त्याला १९४७ मध्येच फाशी झालेली. म्हणजे ज्याने ते फोटो हाताळले तो मुख्य साक्षीदार ब्रिटिशांनीच आधी फासावर चढवला होता. कागद बहुतेक जळालेले. देरिकूरच्या बाजूने साक्ष द्यायला आला बोडिंग्टन. देरिकूरचा जर्मनांशी संपर्क होता हे विभागाला ठाऊक होतं आणि गरज पडली तर आपण पुन्हा त्याच्या हाती आपला जीव देऊ, अशा आशयाचं त्याने सांगितलं. न्यायालयाने देरिकूरला सोडून दिलं. पुढे तो पुन्हा विमानं उडवू लागला. नोव्हेंबर १९६२ मध्ये लाओसमध्ये त्याचं विमान कोसळलं आणि त्यात तो गेल्याचं मानलं जातं.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातली मूळ चूक माणूस निवडण्यातली नाही. माणूस निवडताना ब्रिटिशांकडे फारसा पर्याय नव्हता, आणि अशा धंद्यात धुतल्या तांदळासारखी माणसं मिळत नाहीत. चूक कामाच्या वाटणीत होती. शेत आणि टपाल एका हातात दिलं. टपालाची पाकिटं जाणाऱ्या प्रवाशानेच शेवटपर्यंत अंगावर बाळगायची असती, किंवा महत्त्वाचा मजकूर हाताच्या साध्या लिपीऐवजी संकेतलिपीत लिहिला असता, तर फोटो काढून फारसं साधलं नसतं. जाळ्यांच्या प्रमुखांना हे शिकवलेलं होतं. पण घाईत, दमलेल्या अवस्थेत, सगळं ठीक चाललंय या विश्वासावर साध्या फ्रेंच-इंग्रजीत लिहिलेले कागद जात राहिले.

आजही एक मत मांडलं जातं की देरिकूर मुळात ब्रिटनच्या दुसऱ्या गुप्तचर खात्याचा, एमआय६ चा माणूस होता. जर्मनांच्या गोटात शिरकाव व्हावा म्हणून त्याला मुद्दाम तसं वागू दिलं आणि एसओईचे लोक त्यात बळी पडले. एमआय६ चा क्लॉड डॅन्सी एसओईचा द्वेष करत असे, हे खरं. बोडिंग्टनची ती टीप आणि साक्षही या तर्काला खतपाणी घालते. पण तसा एकही कागद आजवर समोर आलेला नाही. शिवाय तो तर्क खरा मानला तरी अव्हेन्यू फॉशच्या टेबलावर कैद्यांसमोर ठेवलेल्या पत्रांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.